वाटणीची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. संगणकासारख्या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे कार्यकारिणीत ठरले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. परंतु अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुम्ही जे केलेत तेच सांगा, जास्त काही नको." म्हणून मी उभी आहे. चूकभूल पोटात घालावी.

आपल्या फराळ विभागाची वाटणीची वही माझ्याकडे असते, हे आपणांस ठाऊकच आहे. मंडळाने शॉपिफायवर आपले ऑनलाइन दुकान उघडल्यापासून ऑर्डरी फोनवर येऊ लागल्या. फोनवरची ऑर्डर वहीत उतरवायची आणि चकली कोणी करायची, शंकरपाळे कोणी करायचे हे आळीपाळीने लावून द्यायचे, असे माझे काम. आळीपाळीने, हा नियम मंडळाचाच.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत ऑर्डरींचा इतका लोंढा आला की घरचे आवरून वही उघडावयास रात्रीचे अकरा वाजत. डोळ्यांवर झापड येई. अशा वेळी जिचा फोन लगेच लागेल तिला मी काम सांगून मोकळी होत असे. दिवाळी झाल्यावर आपल्या एक भगिनी माझ्याकडे आल्या. त्यांचे नाव मी येथे घेत नाही. त्यांचे यजमान हयात नाहीत आणि त्यांच्याजवळ फोनही नाही. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारले, "वहिनी, माझा नंबर चुकला का हो?"

मी वही उघडली. इतरांच्या नावावर ११-१२ किलो होते आणि त्यांच्या नावावर ४. त्या कामाच्या पैशांवर त्यांनी मुलीच्या क्लासची फी धरली होती. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले. शिलकीतून काही रक्कम देऊ का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "मला मदत नको. माझा नंबर लागला की झाले."

माझ्या मनात दुजाभाव नव्हता, हे त्या जाणतात. पण वही माझ्या हातात होती, म्हणजे चूकही माझीच. एका बाईच्या झोपेवर चौदा बायकांची मिळकत टांगलेली असू नये, असे मला त्या दिवशी वाटले.

मे महिन्यात माझी भाची सुटीला आली. ती पुण्यास संगणकाचे काम करते. मी तिला ही हकिगत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, दुकानाला एक लहानसा कार्यक्रम जोडता येतो. त्याला ॲप म्हणतात. आलेली ऑर्डर कोणाकडे द्यायची ते तो ठरवील." मी म्हटले, "मग दे करून." त्यावर ती म्हणाली, "करते, पण तू शेजारी बसायचेस. उद्या काही अडले तर मला पुण्याहून बोलावणार का?" अशा रीतीने मी शेजारी बसले.

तिने प्रथम मला ह्या दुकानाची गोष्ट सांगितली. कॅनडातील ओटावा शहरात टोबियास ल्यूट्के नावाच्या जर्मन तरुणाने एका मित्राबरोबर २००४ साली इंटरनेटवर बर्फावरून घसरावयाच्या फळ्या विकण्याचे दुकान काढले. दुकानासाठी तयार मिळणारी साधने त्याच्या पसंतीस उतरली नाहीत, म्हणून ती त्याने स्वतःच घडविली. पुढे फळ्यांपेक्षा ती साधनेच इतर दुकानदारांच्या अधिक उपयोगी पडतील, हे ध्यानात आले आणि २००६ साली शॉपिफाय सुरू झाले. २००९ पासून बाहेरच्या लोकांनाही त्याला आपापली ॲप जोडता येऊ लागली.

आता ॲप म्हणजे अगदी पायापासून बांधावयाचे का? नाही. त्यासाठी तयार साचा मिळतो. आपला सोऱ्या असतो ना, तसेच. नळकांडे, दांडा सर्व तयार. आपण फक्त चकती बदलावयाची, म्हणजे चकलीच्या जागी शेव पडते. दुकानाला आपली ओळख पटविणे, मिळालेली किल्ली जपून ठेवणे, पानाची मांडणी करणे, हे सर्व ह्या साच्यात आधीच केलेले असते. आपली चकती तेवढी आपण घालावयाची.

सुरुवातीला तिने एक तालमीचे दुकान उघडले. ते फुकट मिळते आणि त्यात खरी विक्री होत नाही. ऑर्डरी लटक्या, पैसेही लटके. नाटकाची जशी रंगीत तालीम, तसेच हे. खऱ्या दुकानात प्रयोग करावयाचे नाहीत, हा पहिला धडा. मग संगणकावर नोड नावाची वस्तू बसविली. ॲपचा मजकूर ज्या जावास्क्रिप्ट भाषेत असतो, ती चालविणारे हे इंजिन. त्यानंतर शॉपिफायचे आज्ञा देण्याचे साधन बसविले. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या खिडकीत आज्ञा लिहावयाची. 'शॉपिफाय ॲप इनिट' ही आज्ञा मी एकेक अक्षर पाहून स्वतः टाइप केली. त्याने नाव विचारले. मी 'वाटणी' असे दिले. थोड्या वेळाने साच्याच्या सगळ्या फायली संगणकात येऊन बसल्या.

नंतरची आज्ञा 'शॉपिफाय ॲप डेव्ह'. येथे एक गोष्ट मला समजावून घ्यावी लागली. आपला संगणक घरात, दुकान बाहेरच्या जगात. दोघांचे बोलणे व्हावयाचे तर दुकानाला आपला पत्ता हवा. ही आज्ञा घरातून बाहेरपर्यंत एक तात्पुरता बोगदा काढून देते आणि त्याला कुलूपबंद पत्ता देते. कार्यक्रम बंद केला की बोगदाही बंद. म्हणून तालमीपुरते हे ठीक. कायमच्या कामासाठी ॲप भाड्याच्या जागेत, म्हणजे सदैव चालू राहणाऱ्या सर्व्हरवर, ठेवावे लागते.

ॲप तालमीच्या दुकानात बसविले. एक पान उघडले आणि त्यावर माल निर्माण करण्याचे बटण दिसले. मी ते दाबले, तर आमच्या चकलीच्या दुकानात एक लाल रंगाची बर्फावरची फळी येऊन बसली! आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. साच्यात नमुन्याचा माल म्हणून त्या फळ्याच ठेवलेल्या आहेत. ओटावाच्या त्या पहिल्या दुकानाची आठवण असावी. पण त्या फळीने एक गोष्ट कळली, ती ही की आपला निरोप दुकानापर्यंत पोचतो आहे.

पुढे मात्र अडले. ऑर्डरी वाचावयास गेलो तर दुकानाने साफ नकार दिला. भाची म्हणाली, "बरोबर आहे. आपण परवानगी मागितलीच नाही." साच्याबरोबर मालात फेरफार करण्याची परवानगी येते, ऑर्डरींची नाही. घरात कामाला आलेल्या माणसाला आपण एकाच कपाटाची किल्ली देतो, सगळा जुडगा देत नाही, त्यातलाच हा प्रकार. फायलीत आम्ही ऑर्डरी वाचण्याची व त्यांवर खूण करण्याची परवानगी लिहिली. ऑर्डरींत गिऱ्हाइकांची माहिती असते, म्हणून ती कशासाठी हवी हेही सांगावे लागते. नाव, पत्ता आणि फोन पाहिजे असेल तर आणखी निराळे कारण द्यावे लागते. आम्ही ते मागितलेच नाही. चकली कोणी तळावयाची हे ठरविण्यास गिऱ्हाइकाचा पत्ता कशाला हवा?

आता मुख्य काम. पूर्वी ऑर्डर आली का, हे पाहण्यास मी दहा वेळा फोन उघडीत असे. आता ऑर्डर आली की दुकानच ॲपला निरोप पाठविते. निरोपाबरोबर एक खूण येते. ती दुकान व ॲप ह्या दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त शब्दावरून केलेली असते. खूण जुळली तरच निरोप खरा. हे ताडून पाहण्याची सोयही साच्यात तयार होती.

पहिल्या चाचणीत एकच ऑर्डर दोघींच्या नावावर पडली. खऱ्या दुकानात असे झाले असते तर दोन घरी एकच चकली तळली गेली असती! कारण शोधता असे दिसले, की दुकान उत्तरासाठी पाच सेकंद थांबते. आमचे ॲप आधी सगळी वाटणी करी आणि मग 'पोचले' म्हणे. उत्तर वेळेत न आल्यामुळे दुकानाने तोच निरोप पुन्हा धाडला. मग आम्ही दोन सुधारणा केल्या. आधी 'पोचले' म्हणावयाचे, काम मागाहून करावयाचे. आणि प्रत्येक ऑर्डरीचा क्रमांक लिहून ठेवावयाचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर गप्प राहावयाचे.

येथवर भाचीची विद्या चालली. परंतु वाटणीचा नियम कोणता, हे काही तिला सांगता येईना. यंत्र म्हणते, तुम्ही सांगाल तसे करतो. आपणच मोघम बोललो तर ते काय करणार? म्हणून जूनमध्ये आपण सर्व जणी येथे बसलो, ते आपणांस आठवत असेल. नुसते ऑर्डरीमागून ऑर्डर असे वाटले तर एकीला अर्धा किलो आणि दुसरीला पाच किलो जाईल. तेव्हा असे ठरले, की तो पदार्थ करणाऱ्यांपैकी जिच्या नावावर त्या हंगामात सर्वांत कमी किलो असतील, तिला पुढची ऑर्डर द्यावी. आपण सर्वांनी माना डोलावल्या.

त्या वेळी मागच्या बाजूने एक प्रश्न आला. "एखादी आठ दिवस आजारी पडली, तर तिचे किलो मागे राहतील. ती परत आली की सगळ्या ऑर्डरी तिच्याच डोक्यावर कोसळतील, त्याचे काय?" भगिनींनो, तो प्रश्न विचारणाऱ्या भगिनी त्याच, ज्यांचा नंबर मी चुकविला होता. भाचीला रात्री फोनवर हे सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, हे मला सुचलेच नव्हते." त्यावर तोडगा असा निघाला, की सुटीवरून परत येणारीची मोजणी त्या वेळी काम करणाऱ्यांतील सर्वांत कमी आकड्यापासून धरावयाची. आजारपणात गेलेले काम गेले, पण परतीला ओझे नको.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातून लिज्जत उभे राहिले. त्यांच्यापाशी तेव्हा यंत्र नव्हते. कामात व मिळकतीत सगळ्या बहिणींचा वाटा, हा नियम मात्र होता. नियम नीट असेल तर तो वहीत लिहा की यंत्रात लिहा. आणि तो वाकडा असेल तर यंत्र तो वाकडेपणा झपाट्याने वाढवील, इतकेच.

गणपतीच्या दिवसांत आपण ॲप व वही दोन्ही बरोबर चालविली आणि रोज ताडून पाहिली. दोनदा फरक निघाला; दोन्ही वेळा बेरीज माझीच चुकली होती. मग ह्या दिवाळीत काम ॲपवर सोपविले. ज्यांच्याजवळ फोन नाही त्यांना शेजारची मुलगी संध्याकाळी चिठ्ठी नेऊन देई. एके दिवशी नेट बंद पडले, तेव्हा जुनी वहीच कामास आली. म्हणून ती मी टाकलेली नाही.

हिशेब असा, की चौदा जणींत सर्वांत जास्त काम १८ किलो आणि सर्वांत कमी १६ किलो. ज्यांच्या नावावर मागच्या वर्षी ४ किलो होते, त्यांच्या नावावर ह्या वर्षी १७ आहेत. त्यांनी त्या पैशांतून मुलीची फी भरली आणि पावती मला मुद्दाम आणून दाखविली. मी ती वहीत जपून ठेवावयास मागितली, तर म्हणाल्या, "पावती नाही हं देणार, ती क्लासवाले मागतात." तेव्हा नुसती पाहूनच समाधान मानले.

ॲपसाठी दरमहा सर्व्हरचे भाडे द्यावे लागते, ते फराळ विभागाच्या खर्चात दाखविले आहे. हिशेब कोणीही पाहावा. आणि एक विनंती. हे काम सध्या मला एकटीलाच येते, हे पुन्हा वहीसारखेच झाले. म्हणून दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी येथे संगणक घेऊन बसणार आहे. निदान दोघींनी तरी यावे. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नये. मी अजूनही एकेक अक्षर पाहूनच टाइप करते.