युद्धाने उघडलेली दारं



दुसरं महायुद्ध आपण हिटलर, पर्ल हार्बर आणि सनावळीत संपवलं. आपल्या आईवडिलांच्या पाळीशी त्याचा संबंध असेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

लढाईला माणसं कमी पडली की जात आडवी येत नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 साली उभारलेली महार पलटण 1921 मध्ये मोडली. दुसरं सुरू झाल्यावर 1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

बायकांची गोष्ट तर मला फारच टोचते. खाणीत जमिनीखाली काम करायला त्यांना बंदी होती. 1943 मध्ये कोळसा कमी पडला आणि बंदी उठली! मजूर खातं तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होतं. 1944 मध्ये सभागृहात टीका झाली, तेव्हा त्यांनी या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचं तत्त्व मांडलं. 1946 मध्ये बंदी परत आली. खाणीतून बाहेर आलेल्या बाईने संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं, हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी कारखान्यांचा आठवडा मात्र 54 तासांवरून 48 वर आला. पिंपरी-भोसरीत आपल्या घरच्यांनी केलेली आठ तासांची पाळी या कायद्याच्या वाटेने आली.

लष्करी डेपोमुळे वाढलेल्या देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. रहाटणीहून अर्ध्या तासावर आहे. आपल्यापैकी किती जण तिथे गेलोय? पुढच्या रविवारी निघू, माझ्या गाडीत चौघांची जागा आहे.