मरणाविषयी घरात बोलावे



सुवर्णमहोत्सवात हा विषय काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु कॅम्प-१ मधील आपली वडीलधारी मंडळी सत्तरीपलीकडे गेली आहेत आणि मुले पुण्या-बंगळुरास आहेत. मरणाची गोष्ट निघाली की 'अभद्र बोलू नका' म्हणून ती मिटविली जाते. मग रोग्यापासून त्याचाच रोग लपतो. आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी मुलांनी घाईने घेतलेल्या निर्णयाची टोचणी त्यांना वर्षानुवर्षे सोडीत नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या आठव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी मरणाचे स्मरण राखण्यास सांगितले होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न व औषध वर्ज्य केले आणि १५ तारखेस देह ठेविला. तो मार्ग सर्वांचा नव्हे, माझाही नव्हे. परंतु त्यांची इच्छा कोणाला तर्काने ओळखावी लागली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली व २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते; आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हेही त्यात लिहिता येते. राजपत्रित अधिकारी म्हणाल, तर एक आपल्यापुढे उभाच आहे! दिवाळीस मुले येतील, तेव्हा फराळ आटोपल्यावर हा कागद त्यांच्यापुढे ठेवावा.