गारांचा रस्ता आणि आपली घाई

आम्ही अनसिंगच्या बचत गटातल्या बाया. आज कर्जाच्या हप्त्याचं बोलणार नाही, गारांनी झाकलेल्या रस्त्याचं बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, बर्फ काश्मिरात पडतो, वाशिमात काय त्याचं? पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना, बुलढाणा, वाशिम भागात गारा पडल्या, तो दिवसही आठवा. हरभरा, गहू झोपला, संत्र्याचा बहार गळाला. पिकाचं नुकसान सगळे मोजतात. रस्त्यावर बाई पडते, ते कोणी मोजत नाही.

मागच्या मार्चात हरभरा सोंगून आम्ही नऊ जणी ऑटोनं परत येत होतो. गारा पडून थांबल्या होत्या. रस्ता पांढरा झाला होता, वर कडूनिंबाचा पाला. ऑटोवाला भाऊ म्हणाला, "जरा थांबू." आम्हीच म्हणालो, "चाल ना भाऊ, लेकरं वाट पायत असतीन." वळणावर त्यानं ब्रेक दाबला आणि ऑटो सरकत नालीत गेला. आमच्यातल्या एका काकूंचा हात मोडला. ऐन हंगामात दोन महिने त्यांची मजुरी बुडाली. गटानं कर्ज दिलं, पण गेलेला हंगाम कर्जानं परत येत नाही.

असं का झालं? उन्हानं रस्ता तापलेला असतो. त्यावर पडलेली गार खालून वितळते. खाली पाणी, वर गोटीसारखा बर्फ. चाकाला रस्ता धरताच येत नाही. ब्रेक जोरात दाबला की चाक जागीच थांबतं, पण गाडी सरकतच राहते. म्हणून अशा रस्त्यावर पहिला उपाय एकच, थांबणं. गारा वितळायला आपल्याकडे फार वेळ लागत नाही. गाडी न्यावीच लागली तर हळू न्यावी, वळणाच्या आधीच वेग कमी करावा, पुढच्या गाडीपासून लांब राहावं. दुचाकीवर मागे बसू नये, उतरून चालावं.

चालतानाही पाऊल लहान टाकावं, पाय सपाट ठेवावा. गुळगुळीत चपलेपेक्षा खाचा असलेला बूट बरा. दारापुढं, हातपंपापाशी गारांचा खच असेल तर चुलीची कोरडी राख, मुरूम किंवा जुनं बारदान टाकावं. पाय धरतो. बैलांना पळवू नये, त्यांचेही खूर घसरतात.

थांबायचं कुठं, हेही महत्त्वाचं. झाडाखाली नाही, कारण गारांसोबत वीज असते. उघड्या ट्रॉलीतही नाही. पक्क्या घरात किंवा शाळेत जावं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. सोंगणीच्या प्रत्येक टोळीत एका फोनवर तरी ते असावं.

कोणी पडलंच तर हात-पाय ओढू नये, चोळू नये. आहे तसाच पदरानं बांधावा, हलू देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. भिजलेली लेकरं आधी कोरडी करावीत.

त्या दिवसानंतर आम्ही बैठकीत तीन ठराव केले. एक, आभाळ भरलं की एकटीनं नाही, सगळ्यांनी मिळून थांबायचं. दोन, टोळीतल्या एकीनं गावात फोन करायचा आणि गावातल्या गटाच्या बाईनं सगळ्यांच्या लेकरांना जेवू घालायचं. तीन, आभाळामुळं काम लवकर सुटलं तर मजुरी किती, हे शेतमालकाशी सोंगणीच्या आधीच बोलून घ्यायचं. काही मालकांनी ऐकलं, काहींनी नाही. पण बोलणं तरी सुरू झालं.

मैत्रिणींनो, बाईला थांबायची सवय नसते. घरी सैपाक, धुणं, लेकरं, म्हणून ती पळत असते. गारांचा रस्ता घाई ओळखत नाही. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं हा विषय घ्या. आमच्या काकू आता बऱ्या आहेत. यंदा ऑटोत बसताना त्याच सगळ्यात आधी म्हणतात, "भाऊ, घाई नाही बरं."