विषाणू गेल्यानंतरचे काम



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, ही रीत. आम्ही विद्वान नव्हे. शाळा नववीत सुटली, अठराव्या वर्षी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापुढे उभे राहिलो आणि पुढे युनियनचे काम अंगावर आले. जे काही शिकलो ते नोटिसा वाचता वाचता आणि चुका करता करता. तेव्हा संगणकातील विषाणूवर बोलण्यासाठी चालकांनी आम्हांस बोलवावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. परंतु विषय आमच्या कामाचाच आहे. आज कामगाराची हजेरी, ओव्हरटाइम, पगार सारे त्या पेटीत असते. पेटीला रोग झाला म्हणजे उपासाची पाळी पेटीवर येत नाही; ती कामगाराच्या घरावर येते.

आम्ही मासवणचे. सूर्या नदीवरच्या आमच्या गावच्या बंधाऱ्यातून पालघर शहराला आणि भोवतालच्या २६ गावांना पाणी जाते. पहिल्या पावसात नदी गढूळ होते. पुढे ती निवळते, तरी घरच्या नळाला काही वेळ गढूळच पाणी येते, कारण गाळ वाटेत आणि टाकीत बसलेला असतो. नदी निवळणे हे एक काम आणि टाकी धुणे हे दुसरे. संगणकाचेही तसेच आहे. विषाणू काढणे हे एक काम आणि संगणक पुन्हा उभा करणे हे दुसरे. पहिले झाले म्हणजे दुसरे आपोआप झाले, असे समजणारे फसतात. आम्हीही फसलो होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीतील संगणकात कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून विषाणू शिरला. कारागीर आला, त्याने औषध घातले, 'साफ झाला' म्हणून पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो इंटरनेट लागेना, पेन ड्राइव्हमधील सभासदांच्या याद्या दिसेनात आणि पडदा नुसता काळा. आम्ही म्हटले, विषाणू गेलाच नाही. कारागीर म्हणाला, गेला. दोघांचेही खरे होते. विषाणू गेला होता. त्याने घरात केलेली फिरवाफिरव तशीच राहिली होती.

ती फिरवाफिरव कोणती, ते सांगतो, कारण ती तुमच्याही घरी आढळेल. काही विषाणू इंटरनेटच्या वाटेवर स्वतःचे नाके बसवतात. सगळी रहदारी त्या नाक्यावरून जाते. या सोयीला प्रॉक्सी म्हणतात. विषाणू मारला म्हणजे नाकेदार मेला, परंतु 'नाक्यावरूनच जा' हा हुकूम कायम राहतो आणि गाडी तिथेच अडते. उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सी बंद करावा आणि डीएनएसचा पत्ता कुणी बदलला आहे काय, तेही पाहावे. काळ्या पडद्याचे कारण निराळे. विंडोजच्या पोटात रजिस्ट्री नावाची एक नोंदवही असते. सुरू होताना कोणाला हाक मारावयाची, ते तीत लिहिलेले असते. विषाणूने तेथे स्वतःचे नाव घातले होते. औषधाने विषाणू पुसला, नाव राहिले. यंत्र मेलेल्याला हाका मारीत बसले. जाणकाराने ती ओळ पूर्ववत केली आणि पडदा उजळला. याद्यांचे तर हसूच यावे. त्या कुठेही गेल्या नव्हत्या. विषाणूने त्यांवर 'अदृश्य' अशी खूण मारून त्यांच्या नावाचे खोटे दरवाजे पुढे मांडले होते. खूण पुसताच याद्या जागच्या जागी दिसू लागल्या. आमच्यापैकी एकजण मात्र आदल्या रात्री पेन ड्राइव्ह कोरा करावयास निघाला होता. घाईत तसे केले असते, तर जे विषाणूने केले नाही ते आम्ही आमच्या हाताने केले असते.

यावरून आम्ही एक क्रम शिकलो. आधी संगणकाची इंटरनेटची वायर काढावी, वायफाय बंद करावे. मग काहीही पुसण्यापूर्वी आपल्या कागदपत्रांची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी आणि ती तपासल्याशिवाय दुसऱ्या यंत्राला लावू नये. त्यानंतर विषाणू काढावा. मग मोडतोड पाहावी. विंडोजमध्ये स्वतःच्या मोडक्या फायली तपासून नीट करणारी एसएफसी नावाची आज्ञा आहे, ती चालवावी. जुन्या तारखेला परत नेणारी सोय जपून वापरावी, कारण त्या तारखेला विषाणू आत असेल तर तोही परत येतो. पासवर्ड सगळे बदलावे, परंतु ते दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून. आणि एवढे करूनही शंका उरली, तर विंडोज मुळापासून नव्याने घालावे. त्यात कमीपणा नाही.

मित्रहो, हे घरगुती दुखणे झाले. काही वर्षांनी याहून कठीण प्रसंग आला. वसाहतीतील एका कारखान्यात खंडणीखोर विषाणू शिरला. हा फायलींना कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. व्यवस्थापनाने माणसे आणून विषाणू काढला. परंतु चोराला हाकलले म्हणून त्याने लावलेले कुलूप उघडत नाही. तीन महिन्यांची हजेरी कुलपात गेली. नक्कल होती, पण ती ज्या डिस्कवर होती ती त्याच संगणकाला कायम जोडलेली, म्हणून तिलाही कुलूप. कंत्राटी कामगार ओव्हरटाइम मागावयास गेले, तेव्हा उत्तर मिळाले, 'विषाणूने नोंदी खाल्ल्या, आम्ही काय करणार?'

त्यावर घोषणा देणे सोपे होते. परंतु कचेरीतल्या अनुभवाने आम्हांला एक प्रश्न शिकवला होता: जोडलेले काय नव्हते? दारावरचा राखणदार कागदी वहीत येणारा-जाणारा लिहीत होता. कॅन्टीनची कुपने एका डब्यात पडून होती. आणि आमच्यातला एक वायरमन म्हणाला, 'अहो, दारावरचे बोटाचे ठसे घेणारे यंत्र स्वतःच्या पोटातही नोंद ठेवते.' खरेच ठेवीत होते. पेन ड्राइव्ह लावून ती उतरवली आणि बहुतेकांचे तास मिनिटासकट हाती आले. राहिल्या माल चढवणाऱ्या बाया. त्यांचे ठसे घेतच नव्हते. मुकादम तोंडी सांगे आणि कारकून सरळ संगणकात लिही. त्यांतल्या एकीने मुलाच्या जुन्या वहीत रोजचे तास लिहून ठेवले होते. तिला पैसे मिळाले. बाकीच्यांना निम्म्याच तासांवर तडजोड करावी लागली. ती सही आम्ही केली, आणि ती आजही आम्हांला टोचते.

हे आपल्याच मागास वसाहतीत घडते, असे समजू नका. मार्च २०२१ मध्ये साक्षात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि कामकाज ठप्प झाले. त्याआधी २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालीमार्फत जगभर पसरला. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या गटाकडे असलेला आपल्या न्हावा-शेवा बंदरातील धक्काही अडला. हा विषाणू खंडणीचे नुसते सोंग घेत होता. पैसे देऊनही किल्ली मिळणारी नव्हती. मर्स्कला सुमारे दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

त्यातली एक गोष्ट आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. सगळ्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कोणाला काय मुभा आहे, हे सांगणारी मुख्य वही त्यांच्या दीडशेच्या आसपास यंत्रांवर होती. ही सारी यंत्रे एकमेकांची नक्कल, म्हणून सारी एकदम गेली. शोधता शोधता एक वाचलेली सापडली, आफ्रिकेतील घाना देशात. का वाचली? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! आपण इथे वीज गेली की मंडळाला शिव्या देतो. तिथे वीज गेली म्हणून अवाढव्य कंपनी उभी राहिली. ती डिस्क माणसांनी हातोहात, नायजेरियामार्गे इंग्लंडला पोहोचवली. आणि तोवर? तोवर माणसांनी कागदावर आणि फोनवर काम रेटले. कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे सांगितले की, त्या दिवसांत मालाची उलाढाल फक्त २० टक्क्यांनी घटली. यंत्रे बंद होती. माणसे बंद नव्हती.

घानाची डिस्क, दारावरचे यंत्र, त्या बाईची वही, तिघांची गोष्ट एकच आहे. जे जोडलेले नव्हते ते वाचले. म्हणून आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक कारखान्याने हजेरीची एक नक्कल संगणकापासून तोडून, दुसऱ्या जागी ठेवावी. दर महिन्याला ती उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न वाजवलेला रुपया. ज्याच्या हातून विषाणूचे पत्र उघडले गेले त्या कारकुनाला बळी देऊ नये, नाहीतर पुढचा कारकून दोन दिवस गप्प राहील, आणि त्या दोन दिवसांत विषाणू सगळीकडे पोहोचेल. आणि नोंदी गेल्याचा तोटा नोंदी ठेवणाऱ्याने सोसावा, राबणाऱ्याने नव्हे.

तुम्हां श्रोत्यांकडे आमचे मागणे त्याहून लहान आहे. तुमच्या घरातून कोणी कामावर जात असेल, तर आज रात्री त्याला एक वही द्या. रोजची तारीख आणि रोजचे तास, एवढेच तीत लिहावयाचे. त्या बाया आता सगळ्याच वही ठेवतात. त्यांच्यापैकी पुष्कळजणी शाळेत गेलेल्या नाहीत. त्या तासाला एक रेघ ओढतात. त्या रेघांना कोणताही विषाणू लागत नाही.