नकाशात राहिलेली टेकाडं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

थरचं वाळवंट म्हटलं की आपल्यापुढे वाळूच्या लाटा आणि उंटांचा तांडा उभा राहतो. तिथे पूर्वी काय होतं, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, 'वाळूच, दुसरं काय?' पण याच प्रदेशाचे शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे समोर पसरले, की वाळू मागे सरते आणि माणसांची वर्दळ दिसू लागते.

भूगोलाच्या तासाला आपण स्थलनिर्देशक नकाशा पाहिलेला असतो. गडकिल्ल्यांवर भटकणारी मंडळी त्याला 'टोपोशीट' म्हणतात. १७६७ साली स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक इंचाला एक मैल अशा प्रमाणात रंगीत नकाशांची नवी मालिका हाती घेतली. प्लेन टेबल घेतलेला सर्वेक्षक आणि सामान वाहणारे खलाशी गावोगाव हिंडले आणि जे दिसलं ते कागदावर उतरवत गेले. हेतू अर्थातच राज्यकारभाराचा आणि लष्कराचा होता. इतिहास लिहिण्यासाठी कोणी ही पायपीट केली नव्हती.

वाळवंटात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाणी. म्हणून या नकाशांत विहीर हा मोठा मानकरी आहे. विहीर कुठे आहे, पाणी खारं आहे का, याची नोंद जागोजाग सापडते. वाटा सरळ जात नाहीत. या विहिरीवरून त्या विहिरीवर अशा वळत जातात. गावांची नावंही तेच सांगतात. लूणकरणसर, नापासर यांतला 'सर' म्हणजे तळं, पाणवठा.

बिकानेरहून पश्चिमेला पूगळकडे जाणारी वाट पाहा. १८०८ साली काबूलच्या राजाकडे निघालेला इंग्रज वकील बिकानेर, पूगळ असं करत बहावलपूरला पोचला होता. हा वकील म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट आणि मग मुंबईचा गव्हर्नर झालेला, आपल्या चांगल्या ओळखीचा. त्याच्याबरोबरच्या मॅकार्टनी या अधिकाऱ्याने त्या मुलखाचा नकाशा तयार केला. १९४७ साली या वाटेवर सरहद्द आली. आज पूगळ सीमेजवळचं आडबाजूचं गाव वाटतं. पण ते मुलतानच्या व्यापारी रस्त्यावरचं ठाणं होतं, हे जुना नकाशा पाहिला की चटकन लक्षात येतं.

आता थोडं उत्तरेला, घग्गरच्या काठी जाऊ. भारतात घग्गर आणि पाकिस्तानात हाकरा म्हणतात ते हे पात्र. पावसाळ्यात थोडंफार वाहणारं, एरवी कोरडं. पण त्याची रुंदी काही ठिकाणी तीन किलोमीटरांहूनही अधिक आहे! आणि या पात्राच्या आसपास, सपाट जमिनीत, नकाशावर लहान लहान गोल खुणा दिसतात. तुटक रेषांचं एखादं वेटोळं, नाहीतर केसांसारख्या बारीक रेघांचं कडं. काहींच्या शेजारी आकडा आणि त्यापुढे इंग्रजी 'आर' हे अक्षर. त्याचा अर्थ, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा इतके फूट उंच. सर्वेक्षकाच्या लेखी हे नुसतं टेकाड. सपाट मुलखात जराशी उंच जागाही खूण म्हणून उपयोगी पडते, म्हणून त्याने ती काढली.

तिकडचे लोक अशा टेकाडाला 'थेड' किंवा 'थेह' म्हणतात. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात, तसंच हे. मातीची घरं पडतात, त्यांवर नवी उभी राहतात, राख, खापरं, कचरा साठतो आणि शतकानुशतकांनी जमीन उंच होते. ऑरेल स्टाइन यांनी १९४०-४१ मध्ये या पात्राच्या कडेने हिंडून अशी कितीतरी ठिकाणं नोंदली. स्वातंत्र्यानंतर अमलानंद घोष यांनी बिकानेर भागात हे काम पुढे नेलं. त्यांपैकी कालीबंगा इथे १९६० नंतरच्या दशकात उत्खनन झालं आणि हडप्पा संस्कृतीचं नगर निघालं. त्याच्या तटाबाहेर सुमारे ४८०० वर्षांपूर्वीच्या नांगरलेल्या शेताचे तासही मिळाले. पलीकडे चोलिस्तानात रफीक मुघल यांनी १९७४ ते १९७७ या काळात चारशेहून अधिक प्राचीन स्थळं नोंदवली.

मग जुन्या नकाशांची गरज काय, असं तुम्ही विचाराल. गरज आहे, कारण दरम्यान पाणी आलं. १९२७ साली महाराजा गंगासिंहांनी गंग कालवा आणला. १९५८ मध्ये राजस्थान कालव्याचं काम सुरू झालं. आज तो इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जातो. तहानलेल्या मुलखाला पाणी मिळालं, ही आनंदाचीच गोष्ट. पण कालव्याचं पाणी शेतात खेळवायचं तर जमीन सपाट हवी. ट्रॅक्टर आले आणि टेकाडं शेतात मिसळून गेली. त्यात कोणा शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? त्याच्या लेखी तो मातीचा उंचवटा होता. नव्या नकाशावर चौकोनी शेतं आहेत आणि कालव्याच्या फाट्यांवरून सांकेतिक नावं मिळालेली 'चक' गावं. अनूपगडजवळ बिंजोरला उत्खनन झालेलं हडप्पाकालीन स्थळ 'चार एम एस आर' या नावाने ओळखलं जातं. हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीला कालव्याचा क्रमांक!

म्हणजे जी टेकाडं सपाट झाली, त्यांचा साक्षीदार अनेकदा हा जुना कागदच. केंब्रिजचे कॅमेरॉन पेट्री, हेक्टर ओरेन्गो आणि बनारस हिंदू विद्यापीठाचे रवींद्रनाथ सिंह प्रभृती संशोधकांनी २०१९ साली हीच पद्धत मांडली. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्राशी जुळवायचा, टेकाडाची जागा हेरायची आणि मग तिथे जाऊन पाहायचं. २०२३ मध्ये अशा खुणा ओळखायला संगणकालाही शिकवण्यात आलं. हजारो चौरस किलोमीटरचे नकाशे डोळ्यांनी चाळायचे तर आयुष्य पुरायचं नाही.

अर्थात नकाशावर डोळे झाकून विश्वासही ठेवता येत नाही. वाळूची टेकडी आणि वस्तीचं टेकाड कागदावर सारखंच दिसू शकतं. टेकाड हडप्पा काळातलं की तीनशे वर्षांपूर्वीचं, हे नकाशा सांगत नाही. ते खापरं सांगतात. आणि या पात्रात मोठी नदी नेमकी कधी वाहत होती, हा वाद तर नकाशाने मिटणारा नाहीच. त्यासाठी जमिनीत खोल छिद्रं घेऊन वाळूचं वय काढावं लागतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासाने म्हटलं, की सतलजने हा मार्ग सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी, म्हणजे ही नगरं वसण्याच्या कितीतरी आधी सोडला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने वेगळा निष्कर्ष काढला. नकाशा फक्त 'इथे या, इथे खणून पाहा' एवढंच सुचवतो.

पण तेवढं सुचवायला तो शिल्लक तर हवा! नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत काढायची, ही आपली सवय. कचेरी असो, कॉलेजचा भूगोल विभाग असो की एखाद्या निवृत्त इंजिनिअरचं कपाट, 'कालबाह्य' असा शेरा मारून अशी गुंडाळी बाहेर काढायची वेळ आली, तर आधी ती एकदा उलगडून पाहा. तिच्यावरचं एखादं बारीक वेटोळं आज जमिनीवर उरलेलं नसेल. तिचं छायाचित्र घ्या, जवळच्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला कळवा.