गुन्ह्याचं समाजाला काय काम?

गुन्हा नसलेला समाज असू शकतो का? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम यांचं १८९५ मधलं उत्तर स्पष्ट होतं: नाही. सगळे संत एकत्र राहिले, तर तिथं किरकोळ चूकसुद्धा मोठा अपराध ठरेल. एकाला शिक्षा होते, तेव्हा बाकीच्यांना आपल्या मर्यादा कळतात, आपण सारे एक आहोत ही भावना घट्ट होते.

अमेरिकी अभ्यासक काय एरिक्सन यांनी १९६६ मध्ये हा विचार सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्सवर तपासून पाहिला. तिथले कर्मठ ख्रिस्ती प्युरिटन म्हणजे जवळजवळ दुर्खीम यांचे संतच! तरीही त्यांना अपराधी सापडत राहिले. क्वेकर पंथाचे लोक न्यायाधीशांपुढे डोक्यावरची टोपी काढत नसत. एवढी साधी गोष्ट, पण अधिकाऱ्यांना ती बंडखोरी वाटे. क्वेकरांना फटके बसले, काहींचे कान कापले गेले, आणि १६५९ ते १६६१ दरम्यान चौघांना बॉस्टनमध्ये फाशी झाली.

पुढे १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलम इथं चेटकिणींचा शोध सुरू झाला. एकोणीस जण फासावर गेले. ऐंशीच्या आसपासच्या जाइल्स कोरी यांनी खटल्याला उत्तर द्यायचंच नाकारलं, तेव्हा त्यांच्या छातीवर दगड रचत नेले. त्यातच ते गेले.

एरिक्सन यांच्या मते, समाज आपल्या ओळखीबद्दल गोंधळतो तेव्हा अशा लाटा येतात. विचार पटण्यासारखा आहे. मात्र टीकाकारांचा प्रश्नही तितकाच खरा आहे: शिक्षेनं समाज एकवटला असेल, पण कोणाचा? कोरींच्या पत्नी मार्था यांनाही तीनच दिवसांनी फाशी देण्यात आली.