वाटेवरचा नवा वाघ



पालघरहून मनोरकडे जाताना वाटेत वाघोबाची खिंड लागते. खिंडीत वाघोबाचे ठाणे आहे. तिथे आले की येणारीजाणारी वाहने जरा हळू होतात. कुणी उतरून घंटा वाजवतो, कुणी चालत्या गाडीवरच एक हात मोकळा करून कपाळाला लावतो आणि पुढे जातो. आपल्याकडचा वारली माणूस वाघोबाला देव मानतो, वाघबारशीला त्याची पूजा करतो. शिकलेल्या माणसाला हा भाबडेपणा वाटतो. मला मात्र त्यात मोठा शहाणपणा दिसतो. वाघाच्या रानात राहायचे, तर वाघाचा मान ठेवायचा, त्याच्या वेळा ओळखायच्या, आपली पायरी सोडायची नाही, असा तो एक करारच आहे. बळकटाशी गाठ आहे, तेव्हा जपून असावे, हे त्यामागचे व्यवहारज्ञान.

आज त्याच वाटेवर एक नवा वाघ फिरतो आहे. त्याचे नाव वेग. हा वाघ आपण स्वतःच पाळला आहे, आणि मौज अशी की त्याच्याशी मात्र आपण कसलाही करार केलेला नाही.

मी रस्तेबांधणीतला तज्ज्ञ नव्हे की वाहतुकीचा अधिकारी नव्हे. कॉलेजात मुलांना शिकवणारा, आणि बोईसर-पालघर रस्त्याने रोज जाणारा-येणारा एक माणूस आहे. तेव्हा आज जे बोलणार आहे, ते तुमच्याच शेजारी बसून बोलतो आहे असे समजा.

प्रथम दोन आकडे सांगतो. २०२२ साली आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. एवढा मोठा आकडा ऐकला की मन बधिर होते. म्हणून त्याचा हिशेब लहान करून सांगतो. दर तासाला एकोणीस माणसे! माझे हे भाषण दहाबारा मिनिटांचे. त्या वर्षीच्या हिशेबाने ते संपेपर्यंत तीनचार घरांचा माणूस गेलेला असतो. आणि ही माणसे कोण? मोटारीत बसणारी श्रीमंत माणसे असतील, असे कुणाला वाटेल. तसे नाही. मेलेल्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालत होती. म्हणजे शंभरांतली चौसष्ट माणसे अशी, की ज्यांच्याभोवती पत्र्याची भिंतसुद्धा नव्हती.

हे ऐकून कुणी सुस्कारा सोडील आणि म्हणेल, "मास्तर, ज्याची भरली तो गेला. काळ आला की घरात बसलेलासुद्धा जातो." हे वाक्य मी किती मयतांच्या वेळी ऐकले असेल त्याला गणती नाही. दुःखावर फुंकर घालायला ते ठीक आहे. पण त्याने एक नुकसान होते. ते असे, की आपण विचार करण्याचे थांबतो. पुढच्या आठवड्यात त्याच वळणावर दुसरा जातो, आणि आपण पुन्हा तेच वाक्य म्हणतो.

काळ कसा येतो, याला गणित आहे. ते अवघड नाही. आपल्या किनारपट्टीवर ताडाची झाडे आहेत. वीस मीटर उंचीच्या ताडावरून कुणाला उडी मारायला सांगितले, तर तो म्हणेल, "वेड लागलंय का तुम्हाला?" पण त्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर ज्या वेगाने आदळतो, तो वेग भरतो तासाला सुमारे ७२ किलोमीटर. मोटारसायकलच्या काट्यावर आमची तरुण मुले हा आकडा हसत हसत गाठतात. समोर झाड, खांब किंवा उभा ट्रक आला, तर त्यांनी ताडावरूनच उडी घेतली म्हणायची. वेग निम्मा, म्हणजे ३६ किलोमीटर केला, तर उंची निम्मी होते असे नाही. ती चौथाईवर, म्हणजे पाच मीटरवर येते. ते कौलारू घराच्या आढ्यावरून पडण्यासारखे झाले. हाड मोडेल, पण बहुधा जीव वाचेल. वेग निम्मा केला की मार चौथाई होतो. हा सृष्टीचा नियम आहे, आणि त्याला पंचांग लागत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यात घडलेली एक घटना पाहू. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे मागच्या आसनावर होते. ते दोघे गेले. पुढच्या आसनावरची दोन माणसे जबर जखमी झाली, पण वाचली. मोटार मोठी भारी, आत सुरक्षेची सारी साधने. पण मागच्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. महामार्गाच्या तीन मार्गिका पुलावर येताना दोन होतात, हीही गोष्ट तपासात पुढे आली.

या घटनेत दोन धडे आहेत, आणि ते दोन्ही नीट ऐकावेत. पहिला असा, की पट्टा गरीब-श्रीमंत ओळखत नाही, पुढचे-मागचे आसन ओळखत नाही. आज मोटारीत वापरतात तो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली स्वीडनमधल्या नील्स बोलिन नावाच्या एका अभियंत्याने काढला, आणि त्याच्या कंपनीने तो साऱ्या जगाला वापरायला मोकळा ठेवला. एवढे दान दाराशी आले असता आपण ते पाठीमागे दाबून त्यावर बसतो! दुसरा धडा असा, की चूक नेहमी एकट्या माणसाची नसते. रस्ताही चुकतो.

हा दुसरा धडा बोईसर-तारापूरच्या लोकांना निराळा शिकवायला नको. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ सालापासून आपल्या शेजारी आहे. असे केंद्र उभारताना "माणूस कधी चुकणारच नाही" असे धरून चालत नाहीत. माणूस चुकेल, यंत्र बिघडेल, असे आधीच गृहीत धरतात, आणि एक अडसर निकामी झाला तर दुसरा, दुसरा झाला तर तिसरा, अशी योजना करतात. तिथे कुणी "नशिबात असेल ते होईल" म्हणाला, तर त्याला आपण आत ठेवू का? मग रस्त्याच्या बाबतीतच आपण हे बोलणे का चालवून घेतो? रस्त्यालाही असेच एकामागून एक अडसर हवेत. शाळेपाशी गतिरोधक आणि त्यावर पांढरे पट्टे, वळणावर कठडा, नाक्यावर दिवा, चालणाऱ्यासाठी वेगळी पायवाट. एखादा दारू पिऊन चालवतो, हा त्याचा गुन्हा खरा. पण त्याच्या गुन्ह्याची शिक्षा शाळेतून घरी जाणाऱ्या मुलीला होऊ नये, एवढी तजवीज रस्त्याने करायला हवी.

औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटते तेव्हा बोईसरच्या रस्त्यावर उभे राहून पाहा. टँकर, कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, कोंबून भरलेल्या रिक्षा, सायकली, आणि या सर्वांच्या मधून वाट काढणारी चालती माणसे. कारखान्यांत दर वर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन साजरा होतो, शपथ घेतात. आत शिरताना कामगार डोक्यावर टोप घालतो, कारण न घातला तर आत घेत नाहीत. तोच कामगार पाळी संपली, की मोटारसायकलवर बसतो आणि हेल्मेट कोपरात अडकवतो, नाहीतर टाकीवर ठेवतो. आत जे डोके मोलाचे होते, ते फाटकाबाहेर येताच स्वस्त कसे झाले? २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले. त्यांत चालवणारे होते, तसे मागे बसलेलेही होते. भगिनींनो, मागे बसलेल्या बाईचे डोके काही वेगळ्या मातीचे नसते. नवऱ्याला एक हेल्मेट आणि तुम्हाला पदर, ही वाटणी बरोबर नाही.

हे दुखणे एकट्या पालघरचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावर मरतात. त्यांतली शंभरी ब्याण्णव गरीब आणि मध्यम देशांतली. जगातल्या वाहनांपैकी मात्र शंभरांतली साठच वाहने या देशांत आहेत. पाच ते एकोणतीस वर्षांच्या वयात माणसे सर्वांत जास्त मरतात ती रोगाने नव्हे, रस्त्यावर. पश्चिम आफ्रिकेत बेनिन नावाचा एक लहानसा देश आहे. तिथल्या कोटोनू शहरात भाड्याच्या मोटारसायकली चालतात, चालवणारे पिवळे सदरे घालतात. त्यांना तिकडे 'झेमिजाँ' म्हणतात. फोन नावाच्या तिथल्या भाषेत त्याचा अर्थ, 'मला लौकर ने'. पाहा, समुद्र वेगळा, भाषा वेगळी, पण घाई तीच! गरीब देशांत वाहने आधी येतात, पायवाट, दिवे आणि दवाखाने मागाहून येतात. मधल्या काळाची किंमत चालणारा माणूस मोजतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आनंद होत नाही. २०१३ सालचा पावसाळा. संध्याकाळी मनोरकडून बसने पालघरला येत होतो. वाटेत गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल आडवी पडली होती आणि शेजारी एक तरुण. भोवती वीसपंचवीस माणसे उभी होती. कुणी हात लावत नव्हते. माझ्या मागच्या बाकावरून आवाज आला, "उतरू नका, पोलिसांचं लचांड मागं लागेल." मी एम.ए. झालेला माणूस. वर्गात मुलांना 'माणुसकी' या विषयावर निबंध घालणारा. मी खिडकीतून पाहत राहिलो. एक भाजीवाली बाई मात्र टोपली बाकाखाली सारून उतरली, चिखलात बसली आणि आपला पदर तिने त्याच्या जखमेवर दाबून धरला. थोड्या वेळाने एक टेम्पो आला, त्याला त्यात घातले. ती बाईही त्याच्याबरोबर गेली. टोपली बसमध्येच राहिली. तो मुलगा वाचला की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. पण मी उतरलो नाही, हे मला माहीत आहे.

त्या दिवशी माझ्याजवळ भीतीची सबब तरी होती. आज तीही उरलेली नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होता कामा नये, असे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. त्याप्रमाणे, जो प्रामाणिक हेतूने जखमीला मदत करतो, त्याच्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी खटला होऊ शकत नाही. नावगाव सांगायचे की नाही, साक्षीदार व्हायचे की नाही, हे तुमच्या मर्जीवर आहे. "दवाखान्याचं बिल माझ्या गळ्यात पडेल" ही भीतीही नको. २०२५ साली केंद्र सरकारने योजना लागू केली, तीप्रमाणे अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची सोय आहे.

तेव्हा करायचे काय? १०८ किंवा ११२ हा क्रमांक फिरवायचा. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे, जसे त्या भाजीवालीने केले. मान वाकवायची नाही, उगीच ओढाताण करायची नाही, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही. पहिला तास मोलाचा असतो. तो बघे होऊन घालवायचा नाही.

शिक्षक मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. 'रस्त्याने डाव्या बाजूने चाला' असे अजूनही कित्येक मुले पाठ म्हणतात. पायवाट नसलेल्या रस्त्यावर चालणाऱ्याने उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन डोळ्यांना दिसते. संध्याकाळी काळ्या छत्रीखाली चालणारा माणूस चालकाला दिसत नाही. दप्तरावर चमकणारी पट्टी शिवायला फारसा खर्च नाही. आणि एक प्रयोग कराच. मैदानावर चुन्याने एक रेघ मारा. तिथून पंधरा मीटरवर दुसरी, आणि पस्तीस मीटरवर तिसरी. मुलांना सांगा, ५४ किलोमीटर वेगाच्या गाडीच्या चालकाला तुम्ही पहिल्या रेघेवर दिसलात. त्याच्या मनात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी दुसऱ्या रेघेवर आलेली असते. मग कोरड्या डांबरावर ती तिसऱ्या रेघेच्या आसपास थांबते, पावसात त्याच्याही पुढे. एवढे अंतर एकदा चालून पाहिलेला मुलगा गाडीसमोरून धावत रस्ता ओलांडणार नाही. आणि तोच मुलगा घरी जाऊन बापाला सांगेल, "बाबा, जरा हळू."

बापांनाही सांगायचे आहे. अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणे हे लाडाचे लक्षण नव्हे. त्याच्या हातून अपराध घडला, तर आईबापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. पण दंडाचे भय बाजूला ठेवा. ताडाची उंची आठवा.

ग्रामसभेत आपण नळ मागतो, समाजमंदिर मागतो. एकदा रस्ताही मागा. कुठल्या वळणावर माणसे पडतात, हे गावाला ठाऊक असते. ते कागदावर लिहून द्या, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.

आणि पुढच्या खेपेस वाघोबाच्या खिंडीत जाल, तेव्हा चालत्या गाडीवरून एक हात कपाळाला लावू नका. जागा पाहून गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी करा, खाली उतरा, आणि मग दोन्ही हात जोडा. देवालाही ते आवडेल, आणि घरी वाट पाहणाऱ्यांनाही.